बेल्ट हाडावर बसला पाहिजे

चार-पाच वर्षं वापरलेल्या कुठल्याही गाडीचं मागचं दार उघडा, आत बसा आणि बेल्टचं बकल हाताला लागतंय का बघा. बऱ्याचदा लागत नाही. नवी गाडी घरी आली, पूजा झाली, की आठवड्याभरात सीटकव्हर बसतं. बसवणारा कारागीर कव्हर ताणून सपाट करतो आणि मागच्या सीटची तिन्ही बकलं बैठकीखाली दाबून टाकतो. गिऱ्हाइकालाही ते बरं वाटतं, काही टोचत नाही. त्या दिवसापासून गाडीत मागच्या तिघांसाठी बेल्ट असून नसल्यासारखा. तिरके पट्टे दाराशेजारच्या खांबाला लटकत राहतात, पण अडकवायचे कुठे?

हे दुरुस्त करायला वीस मिनिटं लागतात. कव्हरचे खालचे हूक आणि इलास्टिक सोडवा. बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात घालून बकलं एकेक वर काढा. फटीत शेंगांची टरफलं, नाणी, बिस्किटाचा चुरा असतो, तो आधी व्हॅक्युमने ओढून घ्या. मग कव्हरला बकलाएवढी चीर पाडा आणि कडा उसवणार नाही अशी शिवून घ्या. कव्हरवाला पहिल्यांदाच बसवत असेल तर त्याच्याजवळ उभं राहून हे करून घ्यायचं, नंतर तो मनावर घेत नाही. शेवटी प्रत्येक पट्टा ज्याच्या त्याच्या बकलात घालून बघा. मधल्या माणसाच्या बेल्टची पत्री, म्हणजे बकलात जाणारं टोक, पुष्कळ गाड्यांत वेगळ्या रुंदीची असते. बकलं उलटसुलट वर आली की ती बसत नाही आणि लोक समजतात बकल बिघडलं. खटका वाजला, वर जोरात ओढून पाहिलं, सुटलं नाही आणि लाल बटण दाबल्यावर लगेच सुटलं, म्हणजे काम झालं.

आता बेल्ट लावायचा कसा. ‘खटका वाजला म्हणजे लागला’ एवढ्यावर आपण थांबतो. सगळं सार एका वाक्यात सांगायचं तर पट्टा जिथे जिथे अंगाला टेकतो तिथे त्याच्याखाली हाड पाहिजे. कमरेचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली, खुब्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतात त्या टोकदार हाडांवर, जवळजवळ मांड्यांना टेकून. खांद्याचा पट्टा गळ्याला घासत नाही आणि दंडावरही घसरत नाही; खांदा आणि मान यांच्या मधोमध, कॉलरबोनवरून, छातीच्या मधल्या हाडावरून तिरका खाली. कमरेची, खांद्याची आणि छातीची हाडं ताण सोसू शकतात. पोटात आतडी आहेत, त्यांच्यापुढे कसली ढाल नाही. कमरेचा पट्टा वर सरकलेला असेल तर तोच पट्टा पोटात रुततो. जीव वाचवणारी वस्तू चुकीच्या जागी बसली तर ती इजा करते, आणि मग ‘बेल्टमुळेच लागलं’ अशी गोष्ट गावभर होते.

बेल्ट लावल्यावर एक हालचाल अंगवळणी पाडून घ्या. कमरेचा पट्टा दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबा, मग खांद्याचा पट्टा बकलापासून वर ओढा. कमरेची ढील वर जाते आणि खांबातली रीळ ती आत ओढून घेते. खिशात मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा किंवा पँटच्या पट्ट्याचं मोठं बकल कमरेच्या बेल्टखाली येत असेल तर काढून ठेवा. थंडीत जाड जॅकेटची चेन उघडी ठेवून बेल्ट आतून, शर्टावरून घ्या. फुगलेल्या कापडावर घट्ट वाटणारा पट्टा खरं तर चार-पाच सेंटिमीटर ढिला असतो, आणि तेवढं अंतर अंग मोकळं पुढे जातं.

साडी नेसलेल्या बाईंनी पदर आधी नीट लावून घ्यावा आणि पट्टा पदरावरून सपाट न्यावा. निऱ्यांचा फुगा कमरेच्या पट्ट्याखाली गोळा होऊ देऊ नये. लग्नाला जाताना अंगावर कोल्हापुरी साज, ठुशी, बोरमाळ असते. साजातली पानं आणि मणी टणक असतात. ते पट्ट्याखाली आले तर अपघातात छातीत रुततील. साज पट्ट्याच्या वरच्या बाजूला सरकवायचा किंवा कार्यालयात पोचल्यावर घालायचा. खांद्याचा पट्टा बगलेखालून काढणं हा मात्र साफ धोका आहे. दागिना वाचतो, पण सगळा ताण खालच्या बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्यामागेच यकृत आणि प्लीहा असतात.

गरोदर बाईंना बेल्ट लावू नको म्हणून घरातली मोठी माणसं सांगतात, ते मायेपोटी असतं, पण चुकीचं आहे. शेवटच्या महिन्यापर्यंत बेल्ट लावायचाच. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी. तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून एकही पट्टा जाता कामा नये. पुढच्या सीटवर बसणार असाल तर सीट शक्य तितकी मागे घ्या.

थोडं गणित. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली तर आत मोकळ्या बसलेल्या माणसासाठी तो धक्का साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. ताशी ४० ला सहा मीटरपेक्षा जास्त, ताशी ८० ला पंचवीस मीटर. कोल्हापुरात राजारामपुरीतून दसरा चौकापर्यंत तर जायचंय, म्हणून बेल्ट न लावणाऱ्यांनी तो ४० चा आकडा बघावा. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आपण काही उडी मारत नाही. हायवेवर वेगाइतकाच महत्त्वाचा आहे तो अंदाज चुकण्याचा क्षण. ऊसतोड सुरू झाली की रात्री शिरोलीपासून कागलपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असला, की ती दिसेपर्यंत ब्रेक दाबायला वेळ उरत नाही.

आज आपण वापरतो तो तीन जागी अडकणारा बेल्ट स्वीडनच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने १९५९ साली व्होल्वोसाठी तयार केला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता. कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं. एका हाताने लावता येतो आणि ताण हाडांवरच टाकतो, म्हणून साठ वर्षांनंतरही रचना तीच आहे.

खांबाच्या आत असलेली रीळ मात्र बरीच हुशार झाली. तिच्यात दोन कुलपं असतात. पट्टा झटक्याने ओढला की एक लागतं. गाडी झपकन थांबली किंवा कलली की दुसरं लागतं; त्यात बऱ्याचदा एक छोटी पोलादी गोळी असते, ती जागेवरून सरकली की दाता अडकतो. म्हणूनच गगनबावड्याच्या उतारावर किंवा पन्हाळ्याच्या चढावर गाडी लावून बेल्ट ओढायला गेलं की तो कधी कधी येतच नाही. तो बिघडलेला नसतो, गोळी सरकलेली असते. ओढाताण करू नका. पट्टा पूर्ण आत जाऊ द्या आणि सावकाश ओढा. तरी नाही आला तर गाडी सपाटीवर घ्या. नव्या गाड्यांत पुढच्या बेल्टना प्रीटेन्शनर असतो. अपघाताचा झटका ओळखताच बारीकसा स्फोट होऊन पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचला जातो आणि अंग सीटला चिकटतं. त्याच्या जोडीला लोड लिमिटर. ताण ठराविक मर्यादेपुढे गेला की तो पट्टा थोडा थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडण्याचा धोका कमी होतो. प्रीटेन्शनर एकदाच वापरायचा असतो. उडाला की पट्टा, रीळ, बकल सगळं नवं.

एवढं यंत्र मागे आहे, पण ते चालण्यासाठी माणूस सीटवर नीट बसलेला पाहिजे. चालवणाऱ्याने क्रम असा ठेवावा. आधी बूड मागे, सीटच्या कोपऱ्यापर्यंत. मग क्लच पूर्ण दाबून सीट पुढे-मागे करा. क्लच तळाला गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. लीव्हर सोडल्यावर बूड हलवून सीटला झोका द्या. रुळात खटका बसला नसेल तर जोराच्या ब्रेकला सीटच पुढे धावते. नंतर पाठ: खांदे टेकलेले असताना हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटं, इतकं अंतर हवं, कारण एअरबॅग त्या जागेत उघडते. बुटक्या चालकाचे पाय पोचत नाहीत म्हणून तो पुढे सरकतो. त्याने आधी सीट उंच करावी, पाठ थोडी मागे कलवावी, स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर त्याचं तोंड डोक्याकडे नाही, छातीकडे वळवावं. शेवटी खांबावरची बेल्टची कडी उंचीप्रमाणे वर-खाली करा. ती सरकते हेच पुष्कळांना माहीत नसतं. आरसे सगळ्यात शेवटी, कारण सीट हलली की आरसे हललेच.

बसण्यातली सगळ्यात घातक सवय म्हणजे पुढची सीट आडवी करून झोपणं. पुण्याहून रात्री निघालं की साताऱ्याच्या पुढे शेजारचा माणूस सीट मागे पाडतो, बूट काढतो, बेल्ट लावलेलाच असतो म्हणून निर्धास्त झोपतो. आडव्या माणसाच्या छातीपासून खांद्याचा पट्टा वीतभर दूर हवेत असतो. धडक झाली की अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं, कमरेचा पट्टा हाडांवरून घसरून पोटात जातो, वरचा पट्टा मानेला लागतो. इजा आतड्यांना आणि मणक्याला होते. झोप आली असेल तर पाठ उभीच ठेवा, बसल्या बसल्या डुलकी काढा. ताठ ९० अंशांपेक्षा थोडी कललेली पाठ चालते, त्यापुढे नाही. त्यापेक्षा चालकालाच कुठे धाब्यावर थांबवून चहा पाजणं चांगलं, कारण शेजारचा झोपला की चालवणाऱ्यालाही झोप येते.

बूड पुढे सरकवून रेलणं हाही त्याच रोगाचा सौम्य प्रकार. पाठीमागे जाडजूड उशी घेतली की बूड आपोआप पुढे येतं. लाकडी मण्यांची जाळी आणि गुळगुळीत रेग्झिनचं कव्हर यांच्यावर माणूस घसरतो. कंबर दुखत असेल तर कमरेच्या खळगीपुरती पातळ घडी ठेवा, बूड कोपऱ्यातच राहू द्या. बैठकीत फोम वाढवून घेण्याची टूम आहे, तीही टाळा. माणूस उंच आणि मऊ बसला की कमरेचा पट्टा हाडावर धरत नाही. ज्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असा छोटा टॅग शिवलेला आहे, त्या सीटच्या कुशीतून बाजूची एअरबॅग फुटून बाहेर येते. साधं कव्हर ती शिवण बंद करतं. तिथे त्या बाजूला मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेलंच कव्हर लागतं.

हेडरेस्ट मान ठेवून झोपण्यासाठी नाही. मागून कुणी ठोकलं की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोकं मागे राहतं, मान चाबकासारखी हलते. टोल नाक्याच्या रांगेत, सिग्नलला, हे नेहमी होतं. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणि डोक्यापासून तीन बोटांच्या आत हवं. मानेच्या मागे ठेवलेला हेडरेस्ट तर मानेखाली टेकू लावल्यासारखा वागतो. मागच्या सीटचे हेडरेस्ट सहसा खाली दाबलेले असतात, माणूस बसला की ते वर ओढून खटका बसवायचा. हेडरेस्ट काढून त्याच्या दांड्यांनी काच फोडा, असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो. ते त्याचं काम नाही. काच फोडायची छोटी हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं एकाच तुकड्यात मिळतं, ते चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

गाडी पाण्यात गेली किंवा पेटली तर बेल्टमुळे अडकू, ही भीती पुष्कळांना वाटते. धडकेनंतर शुद्धीत राहिलेला माणूसच बकल दाबू शकतो, आणि शुद्धीत ठेवण्याचं काम बेल्ट करतो. गाडी उलटी झाली असेल तर लगेच बटण दाबू नका. एक हात छताला टेकवा, पाय घट्ट रोवा, मग दुसऱ्या हाताने बकल सोडा, नाहीतर मानेवर पडाल.

मागच्या सीटबद्दल कळकळीने लिहावं लागतं, कारण घरातली सगळ्यात जपायची माणसं तिथेच बसतात. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक जण गेले. दोघेही मागे बसलेले, दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पुढची सीट मऊ असते, ती आपल्याला अडवेल, असं मागच्याला वाटतं. हिशेब करा. ५० च्या वेगात गाडीचा पुढचा भाग साठ सेंटिमीटर चेपून ती थांबली असं धरलं, तर आत प्रत्येक वस्तू वजनाच्या सोळापट जोराने पुढे जाऊ पाहते. ७० किलोचा माणूस अकराशे किलोंचा होऊन पुढच्या सीटवर आदळतो. पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी तो सीट आणि स्टिअरिंग यांच्यात चिरडतो. मागच्याचा बेल्ट पुढच्याचाही जीव वाचवतो.

सामानालाही हेच लागू. घरी जाताना मागच्या सीटवर पाच किलोची गुळाची ढेप ठेवलेली असते, ती त्या क्षणी ऐंशी किलोंची होते. मागच्या काचेखालच्या फळीवर स्टीलची पाण्याची बाटली, छत्री, टूलकिट ठेवू नका. जड सामान डिकीत, तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून. दुमडणारी सीट असेल तर तिची पाठ परत उभी केल्यावर खटका पूर्ण बसलाय ना ते हलवून बघा. पुष्कळ गाड्यांत कुलपाजवळ लाल खूण दिसते. ती दिसतेय तोवर सीट अडकलेली नाही. चालकाच्या पायाशी बाटली गडगडत आली तर ती ब्रेकखाली जाते, म्हणून दाराच्या कप्प्यात ठेवा.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब मध्ये बेल्ट न लावणाऱ्या चालकाला, आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्यालाही, १००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तर तोच दंड. बेल्ट लावा म्हणून वाजणारी घंटी बंद करण्यासाठी बकलात नुसती पत्री खोचून ठेवतात, किंवा पाठीमागून बेल्ट लावून ठेवतात. अशा पत्र्या ऑनलाइन विकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये बंदी केली आणि तेरा हजारांवर जाहिराती उतरवायला लावल्या. तुमच्या गाडीत असेल तर आजच काढून टाका. त्या पत्रीमुळे गाडीच्या संगणकाला बेल्ट लागलाय असंच वाटत राहतं.

आता मुलं. आजीच्या मांडीवर बसलेलं दहा किलोचं बाळ वरच्याच हिशेबाने एकशे साठ किलोंचं होतं. साखरेची पन्नास किलोंची तीन पोती हातात धरून ठेवणं कुणालाही जमत नाही, मग माया कितीही असो. आई आणि मूल दोघांवरून एकच बेल्ट घेणं त्याहून वाईट. आईचं अख्खं वजन पट्ट्याकडे जाताना मूल मध्ये असतं.

बाळाचं आसन मागे तोंड करून, मागच्या सीटवर बसवायचं. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड आणि मान कोवळी; तोंड मागे असलं की धक्का पाठ, मान, डोकं यांना एकदम मिळतो. युरोपच्या नव्या नियमात निदान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. आसन ज्या वजन-उंचीपर्यंत परवानगी देतं तोवर तसंच ठेवावं. पाय दुमडले तरी मुलाला त्रास होत नाही. पुढच्या सीटवर चालू एअरबॅगसमोर असं आसन कधीही ठेवू नका, एअरबॅग सरळ बाळाच्या डोक्यामागे आपटते. सीटच्या बैठक आणि पाठ यांच्यामध्ये बालआसन अडकवायच्या, आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या आहेत का बघा. आसनाचे हात त्यांत बसले की खूण हिरवी होते. आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या बेल्टने आसन बांधायचं: मागे तोंड असताना निळ्या खुणांमधून पट्टा, पुढे तोंड असताना लाल खुणांमधून. आसनावर गुडघा दाबून पट्टा ओढा. बेल्ट जातो त्या जागी धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हललं तर परत बांधा. बाळाच्या खांद्यावरचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना किंचित वरून यावेत. पट्टा खांद्यावर चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर ढिला आहे. स्वेटर, कानटोपीचं गाठोडं करून आसनात बांधू नका. आधी बांधा, वरून दुपटं घाला.

त्यापुढे बूस्टर, म्हणजे उंच बैठक. मूल उंच करून गाडीचाच बेल्ट त्याच्या हाडांवर आणायचा, एवढंच बूस्टरचं काम. बूस्टर सोडायची वेळ वयाने ठरत नाही. बूड मागे टेकलं असताना गुडघे सीटच्या कडेवरून खाली वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांशी राहतो का, खांद्याचा पट्टा मानेपासून दूर आहे का, आणि असं ते अख्ख्या प्रवासात बसू शकतं का, हे बघा. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीला हे जमतं. सनरूफमधून पोरांना उभं करण्याबद्दल काय लिहावं! रंकाळ्याभोवती संध्याकाळी हे रोज दिसतं, आणि छातीत धस्स होतं.

डॅशबोर्डवर अंबाबाईची, जोतिबाची मूर्ती नसलेली गाडी आपल्याकडे विरळा, आणि ती असावीच. फक्त जागा बघून चिकटवा. डाव्या बाजूला जिथे ‘एसआरएस एअरबॅग’ कोरलेलं आहे, ते झाकण एअरबॅग फुगताना उघडतं. फुगायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. त्यावर चिकटवलेली पितळी मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाइलचा स्टँड समोरच्याच्या तोंडावर येतो. मूर्ती मधोमध, काचेच्या जवळ, हलकी ठेवा. त्याच झाकणावर पाय टाकून बसणाऱ्याचे गुडघे त्याच्याच चेहऱ्यात जातात. ‘एसआरएस’मधला पहिला शब्द ‘पूरक’ या अर्थाचा आहे. एअरबॅग बेल्टला पूरक आहे. बेल्ट नसलेला माणूस ती पुरती फुगायच्या आधीच तिच्यावर जाऊन पडतो. गाडीपुढे लावलेले लोखंडी गार्डही काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने ते बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. त्यांच्यामुळे धक्का चेसीवर वेगळ्याच ठिकाणी जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो.

वडापच्या, म्हणजे शेअर जीपसारख्या, गाडीत यातलं काहीच लागू पडत नाही, हे खरं आहे. समोरासमोर बाकडी असलेल्या आडव्या सीटवर बेल्ट असला तरी समोरच्या धडकेत तो कंबर पिळतो, कारण अंग बाजूला फेकलं जातं. जावंच लागलं तर समोर तोंड असलेल्या मधल्या रांगेत बसा, पायरीवर नको, आणि तिथे नुसता कमरेचा पट्टा जरी असला तरी तो लावा, खाली, खुब्याच्या हाडांवर. एका बेल्टमध्ये दोन माणसं नकोत. घरच्या बोलेरोसारख्या गाडीत मागच्या आडव्या सीटवर मुलांना टाकतात आणि मोठी माणसं मध्ये बसतात. हे उलटं करा. लक्झरी बसच्या सीटलाही बऱ्याचदा कमरेचा पट्टा असतो, बहुतेक गादीखाली गेलेला. काढून लावा.

बेल्टची निगा फारशी नाही. वर्षातून दोनदा पट्टा पूर्ण बाहेर ओढून उजेडात बघा: कडा कुरतडलेल्या, धागे सुटलेले, कुठे भाजल्यासारखी चमक, कुठे चीर. दाराच्या फटीत सापडून पट्ट्याची कड नेहमी तुटते. असा पट्टा शिवून घेऊ नका, चांभाराचा दोरा कितीही पक्का असला तरी; पट्टाच बदला. मळला असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ ब्रश, ब्लीच नको. पूर्ण ओढून चिमट्याने धरून सावलीत वाळवा आणि वाळल्यावरच आत जाऊ द्या. पट्टा आळसाने परत जात असेल तर दोष बहुधा खांबावरच्या कडीत साचलेल्या मळाचा असतो. ओल्या फडक्याने कडी पुसली की तो पळतो. बकलात तेल सोडू नका, धूळ चिकटते.

आणि गाडी जुनी घेत असाल तर कोल्हापुरात एक तपासणी विसरू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी या भागांत गाड्या दिवस दिवस पाण्यात होत्या. धुऊन, नवं कव्हर घालून गाडी चकाचक करता येते, पण रीळ कुणी उघडत नाही. पुढचे दोन्ही पट्टे शेवटच्या वेढ्यापर्यंत ओढा. आतल्या वेढ्यांवर गढूळ पाण्याची रेघ, करकरणारी बारीक वाळू किंवा कुबट वास मिळाला तर गाडी बुडालेली आहे. एअरबॅगचं नियंत्रण करणारी पेटी बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधे, जमिनीलगत असते आणि प्रीटेन्शनरच्या वायरी सीटखालून जातात. म्हणजे पाण्याने आधी गाठलेल्या याच वस्तू. टॉर्च घेऊन सीटखाली बघा, पिवळ्या कनेक्टरवर हिरवट गंज आहे का. तिथे हात घालून ओढाओढ मात्र करू नका. मग इग्निशन चालू करा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर दिवा मुद्दाम काढलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट. पट्ट्याच्या खालच्या टोकाला शिवलेल्या कापडी पट्टीवर बहुतेक वेळा तयार झाल्याची तारीख असते. गाडी २०१७ ची आणि एकाच बाजूचा पट्टा २०२० चा निघाला, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विकणाऱ्याला विचारा, आणि पत्रीच्या प्लास्टिकवर ओरखडे किंवा वितळल्याच्या खुणा आहेत का, ते तो बोलत असतानाच बघून घ्या.